बादलीतली गोगलगाय तळ्यात जाऊ नये म्हणून

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी कारंज्याचा एक छोटा हौद आहे. तीन वर्षांपूर्वी त्यात कमळ लावायचं ठरलं, तेव्हा मीच पुढे झाले. माझ्या गॅलरीतल्या टबात कमळाचा कंद चांगला पसरला होता. त्याचा अर्धा भाग कापला, सोबत मूठभर हायड्रिला ही पाणवनस्पती घेतली आणि टबातल्याच पाण्यासकट बादली खाली नेली. दोन महिनेही झाले नव्हते, तोच माळीदादांनी मला हाक मारली. "मावशी, हे काय झालंय बघा." हौदाच्या कडेला पाण्याच्या रेषेखाली मुगाएवढ्या, चवळीएवढ्या गोगलगायींचा थर बसला होता. भिंग घेऊन खाली बसले आणि एकीचं तोंड बघताच ओळखलं. ती माझ्या बादलीतूनच गेली होती. माझ्याकडे नर्सरीतून आली, माझ्याकडून हौदात गेली. आणि हौद पहिल्या मोठ्या पावसात भरून वाहतो, त्याचं पाणी गटारात जातं, गटाराचं नाल्यात.

मी ठाण्यात वाढले. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात तेव्हा 'पिला ग्लोबोसा' होती, आपली देशी, लिंबाएवढी गोगलगाय. प्रॅक्टिकलच्या आधी ती आणणं, धुणं, मुलांच्या ट्रेमध्ये मांडणं हे माझं काम. जुलैत शीळफाट्याच्या बाजूच्या भातखाचरांतून टोपलीभर मिळायची. त्यामुळे गोगलगाय म्हणजे घाण, दिसली की चिरडा, असं मला कधीच वाटलं नाही. म्हणूनच हौदातला तो थर पाहून मला फार लागलं. त्यानंतर जे शिकले आणि जे अजून करते, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरी फिशटँक आहे, गॅलरीत कमळाचा टब आहे, किंवा जे मासुंदा, उपवन, कचराळी या ठाण्यातल्या तळ्यांच्या काठाने रोज फिरतात, त्यांच्यासाठी.

आधी ओळख करून घ्या

एक पांढरी बशी, भिंग आणि चिमटा पुरतो. गोगलगाय बशीत ठेवा. शंखाचं टोक वर आणि उघडं तोंड तुमच्याकडे असं धरा. तोंड तुमच्या डाव्या हाताला आलं, शंख पातळ आणि चकचकीत असला, तोंडाला झाकण नसलं आणि स्पर्शिका दोऱ्यासारख्या बारीक असल्या, तर ती बहुतेक फायसा ॲक्युटा. तोंड उजवीकडे आणि स्पर्शिका त्रिकोणी, रुंद असतील तर ती लिम्नियाच्या कुळातली, आणि आपल्याकडे ती देशी असण्याची शक्यता जास्त.

आमच्या हौदात होती ती फायसा. हिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिला नाव मिळालं १८०५ मध्ये, फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून. मग जवळजवळ दोनशे वर्षं सगळ्यांनी तिला युरोपची मानलं. पुढे अमेरिकेतल्या गोगलगायींशी संकर करून पाहिल्यावर कळलं, की दोन्ही एकच आहेत आणि हिचं मूळ घर उत्तर अमेरिका. आज ती अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात आहे, भारतातही आहे. इतकी कशी पसरली? तिला नर-मादी असा भेद नाही. जोडीदार मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर काही दिवस वाट पाहून एकटीच अंडी घालते. अंडी म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला पारदर्शक जेलीचा लांबट ठिपका, त्यात साबुदाण्याहून कितीतरी बारीक दाणे. नर्सरीत, दुकानात, घाईत हा ठिपका डोळ्यांना दिसतच नाही. एका पानावरचा एक ठिपका पुरतो.

दुसरी चपटी, चकलीसारखी गुंडाळलेली. दुकानदार तिला रॅम्सहॉर्न म्हणतात. चकलीवाल्यांत आपली इंडोप्लॅनॉर्बिस आहे आणि फिशटँकच्या व्यापारातून फिरणारी फ्लोरिडाची प्लॅनॉर्बेलाही आहे. लालसर-गुलाबी दिसतात त्यांच्या अंगात काळा रंग कमी असतो, म्हणून रक्तातलं हिमोग्लोबिन बाहेरून दिसतं. दोन्ही चकल्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढायला मीही धजत नाही. नियम सोपा ठेवा : टँकमधली चकली टँकबाहेर जाणार नाही, तळ्यातली चकली तळ्यातच राहील.

तिसरी उंच, निमुळती, मळसूत्रासारखी. दिवसा वाळूत, रात्री काचेवर. हिला ट्रम्पेट म्हणतात, शास्त्रीय नाव मेलॅनॉइड्स ट्युबरक्युलाटा. ही आपली आहे. आफ्रिका, भारत आणि आग्नेय आशिया हा तिचा मुलूख. पण टँकच्या व्यापारातून ती अमेरिकेत गेली, आणि टेक्सासमधल्या कोमल नदीत तिच्या अंगातल्या परजीवीमुळे तिथल्या एका दुर्मिळ छोट्या माशाच्या कल्ल्यांना रोग जडला. म्हणजे तिथे ती उपद्रवी पाहुणी, इथे घरची. कॅरिबियन बेटांवर तर रोग पसरवणारी दुसरी गोगलगाय हटवण्यासाठी तिचा मुद्दाम उपयोग करून घेतला गेला. म्हणून मी मुलांना सांगते, 'वाईट गोगलगाय' असं म्हणू नका. ही कुठली आणि आत्ता कुठे आहे, हे दोन प्रश्न विचारा.

आता चौथी. हिच्यासाठी मी सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवते. पोमॅसिया, म्हणजे ॲपल स्नेल. दक्षिण अमेरिकेतली. १९७९-८० च्या सुमारास ती तैवानमध्ये खाण्यासाठी म्हणून नेली. तिथून जपान, फिलिपाईन्स, व्हिएतनाम, थायलंड, चीन. लोकांना चव आवडली नाही, धंदा बसला, आणि शेतकऱ्यांनी ती कालव्यांत सोडून दिली. मग तिने भाताची कोवळी रोपं रातोरात कापून काढली. फिलिपाईन्समधल्या शेतकऱ्यांना एकाच खाचरात पुन्हा पुन्हा लावणी करावी लागली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी ती भातशेतीत पोचली, आणि युरोपीय संघाने २०१२ मध्ये पोमॅसियाच्या सगळ्या जातींवर बंदी घातली. आपल्याकडे तिच्याच कुळातली पिवळी, निळसर 'मिस्टरी स्नेल' टँकसाठी विकली जाते. दिसायला देखणी आहे, मुलांना आवडते. ठेवायचीच असेल तर ठेवा, पण शहापूर, मुरबाडची भातखाचरं ठाण्यापासून किती लांब आहेत, तेही मनात असू द्या.

आपली पिला आणि ही पोमॅसिया बाहेरून सख्ख्या बहिणी वाटतात. फरक झाकणात आहे. पिलाचं झाकण जाड, दगडी, नखाने वाजवलं तर टकटक करतं. प्रॅक्टिकलला आम्ही ते काढून डबीत साठवायचो. पोमॅसियाचं झाकण तपकिरी, शिंगासारखं, दाबलं तर किंचित वाकतं. दुसरा फरक अंड्यांचा. पिला काठावरच्या ओल्या मातीत खळगा करून पांढरी अंडी घालते. भातावर उठलेली ती सोनेरी पोमॅसिया पाण्याच्या वर, देठावर, खांबावर, भिंतीवर भडक गुलाबी अंड्यांचा घड चिकटवते. एका घडात शेकड्याने अंडी असतात. टँकमधल्या मिस्टरी स्नेलचा घड फिकट, मळकट गुलाबी किंवा बदामी असतो, पण तोही पाण्याबाहेरच. तळ्याच्या पायरीवर असा गुलाबी घड दिसला तर तो आपल्या कुठल्याच गोगलगायीचा नाही.

महिनाभराची बादली

माझ्या घरात आता नवी पाणवनस्पती आली की थेट टबात जात नाही. तिच्यासाठी एक वेगळी पांढरी बादली आहे. पांढरीच घ्या, कारण निळ्या किंवा काळ्या बादलीत पिल्लं दिसत नाहीत.

दुकानातून आलेलं पाणी आधी वेगळं काढायचं. ते मोरीत ओतायचं नाही. कुंडीतल्या मातीत ओतायचं, जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळून. ओढणीवर जे राहील त्यावर कढत पाणी. मग वनस्पती नळाखाली धरून एकेक पान दोन बोटांत हलकेच चोळायचं. जेलीचा ठिपका बोटाला बुळबुळीत लागतो, डोळ्यांआधी बोटाला कळतो. कमळ किंवा लिलीचा कंद असेल तर मुळांतली माती पूर्ण धुवायची, जुनी पानं कापून टाकायची. पिस्टिया आणि जलपर्णी या तरंगत्या वनस्पती तर मी आता घेतच नाही. त्यांच्या मुळांच्या झुपक्यात काय काय असतं ते धुऊन कधी संपत नाही, आणि जलपर्णी स्वतःच दक्षिण अमेरिकेची पाहुणी आहे.

त्यानंतर तुरटी. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात वनस्पती दोन-तीन तास बुडवून ठेवते, मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळते. मोठ्या गोगलगायी यात मरतात किंवा सुटून खाली पडतात. पण अंडी मेलीच असं समजू नका. माझी चूक तिथेच झाली होती. त्या वेळी तुरटीने धुतलं होतं आणि त्याच संध्याकाळी टबात लावून मोकळी झाले होते.

खरा उपाय आहे वाट पाहणं. ठाण्याच्या हवेत फायसाची अंडी आठ-पंधरा दिवसांत फुटतात. पिल्लं बाहेर आली की पुन्हा नीट बघून, धुऊन, पाणी बदलायचं. पंधरा दिवसांनी परत. सलग पंधरा दिवस बादलीच्या भिंतीवर एकही पिल्लू दिसलं नाही तरच ती वनस्पती टबात. एकूण महिना जातो, कधी दीड. बादलीवर मी पट्टी चिकटवून तारीख लिहिते, कारण महिना झाला की नाही हे मनाने सांगता येत नाही. बादलीवर जाळी बांधा, नाहीतर त्यात डास होतील.

डासांवरून आठवलं. आपल्याकडे गप्पी मासे एकमेकांना द्यायची चांगली पद्धत आहे. आरोग्य विभागही ते विहिरी-हौदांत सोडतो. शेजारी मागतात, आपण बरणीत चार मासे आणि "त्यांना बरं वाटावं म्हणून" एक हिरवी काडी टाकून देतो. ती काडी टाकू नका. मासे जाळीने उचला, स्वच्छ, शिळवलेल्या पाण्यात घालून द्या. आणि हे गप्पी बंद टाकीत, हौदातच राहू देत. तेही बाहेरून आलेले आहेत, त्यांना तळ्यात सोडू नका.

टँक मोडताना

सगळ्यात जास्त गोगलगायी तळ्यात जातात त्या घर बदलताना, परीक्षा जवळ आल्यावर, किंवा मुलाचा उत्साह संपल्यावर. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने मला विचारलं होतं, "काकू, मासे उपवनला सोडले तर ते मोकळे होतील ना?" त्याच्या मनात दया होती. मी त्याला एवढंच म्हटलं की त्या बरणीत मासे एकटे नाहीत. मग आम्ही दोघांनी बसून टँक उतरवला.

मासे आधी दुसऱ्या टँकवाल्याला किंवा दुकानात परत द्या. बरेच दुकानदार घेतात. वनस्पती द्यायच्या असतील तर वरची महिन्याची बादली करून मगच द्या. टाकायच्या असतील तर पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये, मग ओल्या कचऱ्यात. गोगलगायींनाही मी फ्रीजरच करते, पाण्याच्या डबीत आणि दोन पूर्ण दिवस. थंडीने त्या हळूहळू सुस्त होतात. मीठ टाकून तडफडवणं मला बघवत नाही, आणि त्याची गरजही नाही. शौचालयात ओतणं मात्र नाही. झाकणवाल्या गोगलगायी झाकण मिटून बरंच सहन करतात.

वाळू-खडीचं काय? नुसती उन्हात पसरली तर ट्रम्पेट, पोमॅसिया झाकण लावून पडून राहतात. पोमॅसिया तर कोरड्या पडलेल्या चिखलात महिनोन् महिने जिवंत राहते. खडीवर कढत पाणी ओता, गार होऊ द्या, मग उन्हात. जाळ्या, पाइप, फिल्टरचा स्पंज यांनाही तेच. आणि हे करताना रबरी हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. काही गोगलगायींमध्ये उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताची पिल्लं असतात. २००६ मध्ये बीजिंगमध्ये अर्धवट शिजलेली ॲपल स्नेल खाऊन शंभराहून अधिक लोकांना मेंदूच्या आवरणाचा आजार झाला होता. कोकणातही १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गोगलगायीमार्फत पसरणाऱ्या रक्तातल्या कृमीचे रुग्ण सापडले होते. घाबरून जायचं कारण नाही, हात धुवायचं आहे.

हौदात आधीच झाल्या असतील तर

औषध टाकू नका, हे आधी. मोरचूद गोगलगायींना मारतं, पण मासे, झिंगे आणि पाण्यातले बारीक किडे यांनाही मारतं, आणि ते पाणी पुढे कुठेतरी जातंच. गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय किंवा मासा आणून सोडायचाही मोह होतो. 'ॲसासिन स्नेल' दुकानात मिळते. टँकमध्ये ठेवली तर ठेवली, हौदात नको. असाच मोह एकदा सरकारांना झाला होता. आफ्रिकी मोठ्या गोगलगायीला, पावसाळ्यात आपल्या कंपाउंडवर चढते त्याच गोगलगायीला, खाण्यासाठी १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावर अमेरिकेची एक शिकारी गोगलगाय सोडली. तिने आफ्रिकी गोगलगाय बाजूला ठेवली आणि बेटावरच्या पार्टुला नावाच्या छोट्या देशी गोगलगायी खाऊन संपवल्या. दहा वर्षांच्या आत रानात त्या उरल्या नाहीत. काही जाती प्राणिसंग्रहालयातल्या डब्यांत वाचल्या म्हणून आज परत सोडता येत आहेत.

आमच्या हौदात मी काकडी वापरली. संध्याकाळी काकडीची जाड चकती काट्याला टोचून, दोऱ्याने बांधून तळाशी सोडायची. फायसा वासावर येतात. सकाळी सातच्या आत दोरा हळू वर ओढायचा, चकतीखाली बशी धरून, कारण हलवलं की त्या सुटून पडतात. पहिल्या दिवशी मोजल्या : ११४. दुसऱ्या दिवशी ९७. मला वाटलं आठवड्यात संपतील, पण अंडी फुटत राहतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा वर गेला. तिथे बहुतेक लोक प्रयत्न सोडून देतात. तुम्ही सोडू नका. सोबत कारंज्यातल्या माशांचं खाणं निम्मं केलं, कारण तळाशी साचलेल्या खाण्यावरच त्या वाढतात. कमळाची पिवळी पानं रोज काढली. आणि मेच्या शेवटी, पावसाच्या आधी, सेक्रेटरींच्या मागे लागून हौदाच्या ओसंडीला बारीक स्टीलची जाळी बसवून घेतली. सगळ्यात जास्त समाधान मला त्या जाळीचं आहे.

तळ्याच्या काठावर

महिन्यातून एकदा, एकच जागा, पंधरा मिनिटं. उपवनच्या एका पायरीपाशी मी हे करते. सानपाड्याला राहणारी माझी पुतणी तिथल्या एका गावतळ्यावर करते. खाडीलगतच्या, पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावांत भरतीचं खारं पाणी येतं, म्हणून तिने ते घेतले नाहीत. चहाची मोठी गाळणी बांबूला बांधून काठाच्या वनस्पतीखालून तीनदा फिरवायची, पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची, बघायचं, मोजायचं, जिथून काढलं तिथेच परत सोडायचं. पाण्यात उघडे पाय घालू नका. चपटी गोगलगाय असलेल्या पाण्यात काही वेळा अंगाला खाज सुटते, तिच्यातून निघणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे.

ओळख पटली नाही तर तीन फोटो काढा : टोक वर आणि तोंड समोर, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. झाकण असेल तर झाकणाचा. अंडी असतील तर अंड्यांचा, ती कशावर आहेत ते दिसेल असा. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की जाणकार नाव सांगतात आणि जागेची नोंदही राहते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गुलाबी घड दिसला तर तिला लेखी कळवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यातही परकी, आक्रमक जातींचा व्यापार आणि बाळगणं यांवर निर्बंध घालायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे, त्यामुळे अशा नोंदीला किंमत आहे. घड खरवडायचा असेल तर आधी फोटो, मग हातमोजे, मग पिशवीत चिरडून फ्रीजर. त्या अंड्यांत विष असतं, म्हणूनच फारसं कुणी ती खात नाही.

घरी येताना चप्पल, गाळणी, ट्रे तिथेच घासून या आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका. गळ टाकणाऱ्या काकांनाही मी हे सांगते. न्यूझीलंडची एक जेमतेम पाच मिलिमीटरची गोगलगाय १९८७ मध्ये अमेरिकेतल्या स्नेक नदीत सापडली, आणि पुढे एका नदीतून दुसरीत ती मासेमारांच्या बुटांच्या तळव्याला चिकटूनही गेली. जलपर्णी काढणाऱ्या मंडळींना एकच विनंती करते, ढीग काठावरच वाळू द्या, दुसऱ्या तळ्याच्या काठाने नेऊ नका.

आणि पिला दिसली तर तिला उचलून नेऊ नका. भातखाचरं गेली तशी ती आता मला क्वचितच दिसते. मुग्धबलाक, चोचीत फट असलेला तो करकोचा, मुख्यतः तिच्यावरच जगतो. गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या पावसानंतर काठाच्या चिखलात एक निघाली होती. झाकण नखाने वाजवून पाहिलं, दगडी होतं. तिला तिथेच ठेवली.

हौदातली काकडी अजून चालू आहे. या रविवारी सकाळी चकतीवर दोन होत्या.